भाड्याच्या खोलीतली बुरशी: जबाबदारी कोणाची?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की आधी चिंबळी लागते आणि मग कुरुळी. खेड तालुक्यातले हे गाव कारभाराने ग्रामपंचायतीचे, पण राहणीने चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे. निघोजे, महाळुंगे, नाणेकरवाडी इथल्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्यांना पाठ टेकायला खोली लागते. ती खोली बहुधा ज्याच्या शेताचे गुंठे झाले अशा गावकऱ्यानेच बांधलेली असते. एका बाजूला मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेला भाडेकरू आणि दुसऱ्या बाजूला शेती गेल्यावर भाड्यावर संसार चालवणारा खोलीमालक, असा हा संबंध आहे. जुलै उजाडला की या दोघांत एक वाद हमखास उभा राहतो. भिंतीला काळी बुरशी येते. भाडेकरू म्हणतो, तुमचा स्लॅब गळतो. मालक म्हणतो, तुम्ही खिडकी उघडत नाही, कपडे आतच वाळत घालता. दोघेही बहुधा अर्धे खरे बोलत असतात.

हा वाद सुटत नाही याचे कारण तो चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. बुरशी कोणामुळे आली, या प्रश्नाला उत्तर नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, ते मालकाच्या दिवाणखान्यातही असतात आणि भाडेकरूच्या खोलीतही. धुळीतला सेंद्रिय कण, रंगातला चिकटपणा, कॅलेंडरचा कागद, प्लायवूड एवढे खाद्य त्यांना पुरते आणि ते प्रत्येक घरात असते. आपल्याकडचे तापमान त्यांना बारा महिने मानवते. कमी पडते ते फक्त पाणी. भिंतीच्या पृष्ठभागाशी असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत कोरडी झाली तर सहसा वाढत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: भिंतीपर्यंत पाणी कोणत्या वाटेने आले, आणि ती वाट बंद करणे कोणाच्या हातात होते? जबाबदारीची वाटणी या उत्तरावरूनच व्हायला हवी. कायद्यात ती तशी होते का, हे पुढे पाहू.

पाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट वरून आणि बाहेरून येणारी. स्लॅबला दिलेला उतार चुकलेला असतो, कोब्याला भेगा पडलेल्या असतात, पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळयांच्या मुळाशी पाणी मुरते. कुरुळी-चिंबळीकडच्या अनेक इमारतींच्या डोक्यावर या सळया वर्षानुवर्षे उभ्या दिसतात. मजला चढायचा तेव्हा चढेल, तोवर पाऊस त्यांच्याच कडेने खाली उतरतो. भिंतींचेही तसेच. बाहेरची भिंत नऊ इंची असावी ही जुनी समजूत खर्चापायी मागे पडली आणि चार-सहा इंची भिंतीवर, तीही बाहेरून गिलावा न करता, काम भागवले जाऊ लागले. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन अशा भिंतीवर आदळतो तेव्हा ती शोषून घेते. या ओलीची खूण सोपी आहे. डाग एका जागी असतो, त्याला तपकिरी कड असते, पाऊस लागला की तो पसरतो आणि उघडीप झाली की आक्रसतो.

दुसरी वाट खालून. जोत्यावर ओलरोधक थर घातलेला नसेल तर जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते. ते साधारण कमरेपर्यंत पोचते, सोबत क्षार आणते आणि भिंतीला पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे पडतात. एक गंमत इथे लक्षात घेण्यासारखी आहे. जिथे लोणा जोरात असतो तिथे बुरशी कमी असते, कारण इतके क्षार तिला सोसवत नाहीत. तेव्हा पांढऱ्या भुकटीला बुरशी समजून भाडेकरूला बोलणारा मालक दोनदा चुकतो, कारण ती बुरशी नसते आणि ती ओल भाडेकरूची असणे शक्यच नसते. मोरीच्या किंवा संडासाच्या भिंतीतून फुटलेल्या नळाचे पाणी हाही याच वाटेचा एक प्रकार. फक्त तो पावसाची वाट पाहत नाही, उन्हाळ्यातही डाग ओलाच राहतो.

तिसरी वाट आतल्या वाफेची, आणि खरा झगडा हिच्यावरूनच होतो. श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक, धुणे यांतून चार माणसांच्या घरात दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. गॅसचा हिशेब तर रसायनशास्त्राच्या पुस्तकावरूनच करता येतो. एक किलो एलपीजी जळली की सुमारे दीड किलोहून थोडे जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत खोलीच्या हवेत जवळजवळ २२ लिटर पाणी सोडले जाते, आणि त्यात भातावरची वाफ धरलेली नाही. ही वाफ बाहेर गेली नाही तर खोलीतल्या सर्वांत गार जागी बसते. कपाटामागची भिंत, छताचा कोपरा, गादी टेकवलेली बाजू ही तिची ठिकाणे. थंडीत पत्र्याच्या खोलीत पहाटे छतातून थेंब पडतात तेही हेच पाणी. रात्री पत्रा मोकळ्या आकाशाखाली गारठतो आणि आत झोपलेल्यांचा श्वास त्याला चिकटतो. या ओलीच्या डागाला कड नसते. बारीक काळे ठिपके विखुरलेले असतात, आणि पाऊस नसतानाही ते वाढतात.

दुसरी आणि तिसरी वाट ओळखायला साधी युक्ती आहे. भिंत पुसून त्यावर हातभर जाड प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावे आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरले तर ओल खोलीतल्या हवेची आहे. दोन्ही बाजूंनी पाणी दिसले तर भांडण अर्धे-अर्धे वाटून घ्यावे लागेल, पण निदान कशावरून भांडायचे ते तरी कळेल.

वाफ भाडेकरूची, खिडकी कोणाची?

तिसऱ्या वाटेबद्दल मालकांचा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. वाफ भाडेकरू करतो, म्हणून बुरशी त्याची. खोली दोघांना दिली आणि राहिले सहा, हे तर रोजचेच. कॉटबेसिसवर दिलेल्या खोलीत तर एक जण रात्रपाळीहून येऊन झोपतो तेव्हा दुसरा उठतो, आणि उजेड नको म्हणून खिडकी दिवसभर बंद. कपडे बाहेर घातले तर धुळीने भरतात किंवा चोरीला जातात, म्हणून नायलॉनची दोरी आतच. हे सगळे खरे आहे आणि त्यातल्या ठरल्यापेक्षा जास्त माणसे ठेवण्याच्या भागाची जबाबदारी भाडेकरूने घेतलीच पाहिजे.

पण स्वयंपाक करणे, आंघोळ करणे आणि श्वास घेणे हा राहण्याचा गैरवापर नव्हे. राहणे म्हणतात ते यालाच. घर राहण्यासाठी भाड्याने दिले असेल तर राहण्यातून निघणारी वाफ बाहेर टाकण्याची सोय ही घराची सोय आहे, जशी सांडपाण्याची आहे. सांडपाणी भाडेकरूचे म्हणून मोरीला नळी नसली तरी चालेल असे कोणी म्हणत नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेचे मोजमाप इथे उपयोगी पडते. जिथे राहण्याची खोली एकच असेल तिथे ती किमान ९.५ चौरस मीटरची आणि किमान २.४ मीटर रुंद असावी, असे संहिता सांगते. आपली सर्वत्र चालणारी दहा बाय दहाची खोली ९.२९ चौरस मीटर भरते, म्हणजे किमानाच्या थोडी खालीच. थंड प्रदेश सोडले तर खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ हवामानानुसार जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांशापासून एक-षष्ठांशापर्यंत असावे, असाही दंडक आहे. दहा बाय दहाच्या खोलीला एक-दशांश धरला तरी दहा चौरस फूट उघडी जागा लागते. तीन बाय तीनची खिडकी नऊ चौरस फुटांची. ती सरकत्या काचेची असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे साडेचार. शिवाय ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीपासून दोन हातांवर असेल तर उघडून फार काही होत नाही. समोरासमोर दोन झरोके नसतील तर हवा खेळत नाही, फक्त दारातून डोकावून जाते.

तेव्हा निकष असा असावा. खोलीला पुरेसा झरोका, स्वयंपाकाच्या ओट्यावर हवा बाहेर काढणारा पंखा किंवा त्याची जागा, आणि कपडे वाळत घालायला छपराखालची मोकळी जागा एवढे मालकाने दिले असेल आणि तरी भाडेकरूने खिडकी खिळे मारून बंद ठेवली असेल, तर बुरशी भाडेकरूची. यांतले काहीच दिलेले नसेल तर वाफ कोणाचीही असो, बुरशी मालकाच्या खात्यात जाते.

परदेशात हा प्रश्न किती पुढे गेला ते दोन उदाहरणांवरून दिसते, आणि ती दोन्ही एकाच बाजूची नाहीत. इंग्लंडात रॉचडेल इथे एका सामाजिक गृहसंस्थेच्या घरात राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये श्वसनाच्या विकाराने गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ सहवासामुळे हा मृत्यू झाला, असे चौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवले. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना बुरशीवर रंग मारा असे सांगितले गेले आणि कुटुंबाच्या राहणीला दोष दिला गेला. पुढे त्याच मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरमालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी दहा कामकाजी दिवसांत करणे बंधनकारक झाले. उलट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये असे ठरवले की जुनी इमारत तिच्या बांधकामाच्या काळातल्या नियमांप्रमाणे असेल, तर केवळ गार भिंतींमुळे बुरशीचा धोका आहे एवढ्यावरून घर सदोष ठरत नाही. भाडेकरूने नियमित खिडक्या उघडाव्यात ही अपेक्षा रास्त आहे. या निकालातला तर्क कुरुळीत मालकाच्या बाजूने वापरता येईल, मात्र एका अटीवर: इमारत निदान तिच्या काळातल्या नियमांप्रमाणे बांधलेली असली पाहिजे. परवानगीशिवाय दोन गुंठ्यांत उभ्या केलेल्या खोल्यांच्या मालकाला तो आधार मागता येणार नाही.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे कलम १४ वाचले तर वाद संपला असे वाटावे. भाडेकरूने वेगळे कबूल केले नसेल तर जागा चांगल्या, राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवण्यास मालक बांधील आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र एका वर्षात ही वळती रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. महिना पाच हजार भाडे असेल तर वर्षाला पंधरा हजारांपर्यंत. खर्चाच्या पावत्या सांभाळलेल्या असल्या की हिशेब सिद्ध करायला त्या पुरतात.

पण इथे दोन अडसर आहेत. हा कायदा राज्यभर सरसकट लागू नाही. त्याच्या अनुसूचींतली क्षेत्रे आणि पूर्वीचे भाडेकायदे जिथे लागू होते ती क्षेत्रे, एवढीच त्याची हद्द. सरकार अधिसूचना काढून ती वाढवू शकते. म्हणून ग्रामपंचायतीच्या गावासाठी ‘हा कायदा इथे लागतो का’ हा पहिला प्रश्न असतो. दुसरा अडसर मोठा आहे. कलम १४ भाडेकरूसाठी आहे, आणि आज ज्याला आपण भाडेकरू म्हणतो तो कागदावर क्वचितच भाडेकरू असतो. अकरा महिन्यांचा जो करार होतो तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे वापर परवान्याचा. परवानाधारकाला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, आणि करार लेखी असेल तर त्यात लिहिलेली गोष्ट हा त्याबाबतचा निर्णायक पुरावा, असे कलम २४ चे स्पष्टीकरण म्हणते. नाव परवान्याचे असले तरी व्यवहार भाड्याचाच आहे, हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकत नाही.

मग परवानाधारकाला काय उरते? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. त्याच्या कलम ५७ नुसार जागेतला जो दोष परवानाधारकाच्या शरीराला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरू शकतो, जो मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला नाही, तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८ नुसार जागा धोकादायक होईल असे काही मालकाने करायचे नाही. दुरुस्तीचे कर्तव्य मात्र यात कुठेच नाही. मेमध्ये गळक्या छताखालच्या डागांवर पुट्टी आणि रंग चढवून, काही न बोलता जूनमध्ये खोली देणारा मालक कलम ५७ च्या कक्षेत आणता येईल. ऑगस्टमध्ये नव्याने गळू लागलेला स्लॅब दुरुस्त न करणारा सहजासहजी येणार नाही.

खरोखरच भाडेपट्टा असेल आणि १९९९ चा कायदा लागत नसेल, तर १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ येते. त्यात दोन्ही पारडी दिसतात. मालकाने छुपे महत्त्वाचे दोष सांगावेत. जी दुरुस्ती करण्यास तो बांधील आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूने करून व्याजासह खर्च वळवावा. भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यावी, नेहमीची झीज सोडून. त्याच्या चुकीने दोष झाला असेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो दुरुस्त करावा. ‘बांधील आहे’ या शब्दांवर सगळे अडते. बांधील कशाने? करारात लिहिले असेल तर. आणि आपले छापील करार याबाबत बहुधा गप्प असतात. त्यांत परवानाधारकाने नुकसान भरून द्यावे हे ठळक असते, मालकाने स्लॅब बघावा हे नसते.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा इथे नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वाटणी सरळ दिली आहे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, नळ्या बदलणे आणि आतली-बाहेरची वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, गटाराची सफाई, बेसिन, गीझर, बटणे, कड्या-कुलपे भाडेकरूकडे. घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी, असेही त्यात आहे. रंगसफेदी मालकाकडे टाकली आहे हे विशेष, कारण आपल्याकडे खोली सोडताना अनामतीतून सर्रास कापला जातो तो रंगाचाच खर्च. वरून गळणाऱ्या ओलीची बुरशी झाकण्यासाठी त्याच भाडेकरूच्या अनामतीतून रंग काढणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे, आणि त्याला प्रथा म्हणून खपवून घेऊ नये.

मोशी-चाकणकडे आता वाढलेल्या गृहसंस्थांच्या फ्लॅटमध्ये तिसरा पक्ष असतो. गच्ची, बाहेरच्या सामाईक नळ्या आणि पावसाची गळती ही आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी आहे. भाडेकरू संस्थेचा सभासद नसल्याने तिच्याकडे पाठपुरावा मालकानेच करायचा. ‘सोसायटी काही करत नाही’ हे मालकाचे उत्तर भाडेकरूच्या बाबतीत उत्तर ठरत नाही.

आरोग्याबद्दल थोडेसे. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, दम लागणे आणि दम्याचा जोर वाढणे यांचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. इतकी बुरशी चालेल अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा तिने सांगितलेली नाही. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ या नावाने जी दहशत पसरली ती म्युकरमायकोसिसची, म्हणजे मुख्यतः मधुमेह आणि स्टेरॉइड्समुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या कोविड रुग्णांमधल्या वेगळ्याच रोगाची. भिंतीवरचा काळा ठिपका म्हणजे तो रोग नव्हे. भाडेकरूंनी ती भीती घालून मालकाला नमवू नये. दम्याचे कारण पुरेसे भक्कम आहे.

करारात काय लिहावे

कायदा इतका अपुरा असताना सगळा भार करारावर येतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९९९ चा कायदा लागू असलेल्या भागात चुकीची आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. कागद टाळण्यात शहाणपण आहे असे समजणाऱ्या मालकाने हे कलम एकदा वाचावे.

त्या करारात तीन-चार वाक्ये जास्तीची घातली तरी निम्मे वाद होणार नाहीत. स्लॅब, बाहेरच्या भिंती, जोते आणि भिंतीत गाडलेल्या नळ्या यांतून आलेली ओल मालक लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत पाहील. भर पावसात कायमचे काम शक्य नसेल तर निदान ताडपत्री टाकील आणि तोवरच्या भाड्यात ठरलेली सूट देईल. खोलीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे राहणार नाहीत, झरोके बंद केले जाणार नाहीत, गळती दिसताच भाडेकरू फोटोसह कळवील. उशिरा कळवल्याने वाढलेले नुकसान त्याचे. ताबा देताना आणि घेताना चारही भिंतींचे आणि छताचे फोटो दोघांच्या मोबाइलवर राहतील. हे मराठीत लिहिले तरी चालते, आणि परप्रांतीय भाडेकरूला हिंदीत वाचून दाखवले तर आणखी बरे.

भाडेकरूने आणखी एक गोष्ट सांभाळावी. व्हॉट्सॲपवर ‘भाऊ, पाणी गळतंय’ एवढे पाठवून भाडे थांबवू नये. भाडे थांबवले की वाद गळतीचा न राहता थकबाकीचा होतो, आणि त्यात तो हरतो. आधी तारखेची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने द्यावी, मग प्लॅस्टिकच्या चाचणीचे फोटो ठेवावेत, आणि तरी काही होत नसेल तर खेड तालुक्यातल्या राजगुरुनगरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे मोफत सल्ला मागावा. मालकानेही बुरशीवर थेट रंग मारण्याचा उद्योग सोडावा. भिंत सुकल्याशिवाय लावलेली पुट्टी आतले पाणी कोंडते आणि दोन महिन्यांत फुगते. आधी पाण्याची वाट बंद करणे, मग घासून धुणे, मग वाळू देणे आणि शेवटी रंग, हाच क्रम. साधा चुना इथे महागड्या डिस्टेंपरपेक्षा सरस ठरतो, कारण ताज्या चुन्याचा अल्कधर्म बुरशीला रुजू देत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये भांडून काम होत नाही. गेल्या पावसाळ्यात ज्या भिंतीवर डाग होता त्या भिंतीची नोटीस एप्रिलमध्ये द्या, आणि मालक असाल तर मृगाच्या आधी गच्चीवर एकदा स्वतः चढा.